गंजाचे गणित मांडणारे सर हम्फ्री डेव्ही

मोटारसायकलचे हँडल, स्नानगृहातील नळ, शल्यचिकित्सेची उपकरणे, यंत्रांचे सुटे भाग अशा असंख्य वस्तूंवर निकेलचा मुलामा दिलेला असतो. हा मुलामा चकाकीसाठी असतो तसाच तो गंजापासून संरक्षणासाठीही असतो. मात्र निकेलच्या थराला एखादे सूक्ष्म छिद्र राहिले तर खालचे पोलाद मुलामा नसताना गंजले असते त्याहून अधिक वेगाने त्या जागी पोखरले जाते. मुंबई-कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत हा अनुभव नेहमीचा आहे. असे का होते आणि ते कसे टाळावे, या दोन्ही प्रश्नांच्या उत्तराचे मूळ निकेलच्या कारखान्यात सापडत नाही. ते सापडते १८२४ साली ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या तळाशी. तेथे हे सूत्र प्रथम पद्धतशीरपणे वापरणारा शास्त्रज्ञ होता सर हम्फ्री डेव्ही. खाणकामगारांच्या सुरक्षादीपामुळे शाळकरी मुलांनाही ठाऊक असलेल्या या नावामागे गंजाशी दिलेल्या एका झुंजीची आणि त्या झुंजीतील जाहीर पराभवाची कहाणी दडलेली आहे.

कोरीव कारागिराचा मुलगा

हम्फ्री डेव्ही यांचा जन्म १७ डिसेंबर १७७८ रोजी इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधील पेन्झान्स या बंदरगावी झाला. पाच भावंडांत ते थोरले. वडील रॉबर्ट हे लाकडावर कोरीव काम करणारे कारागीर. १७९४ मध्ये वडिलांचे निधन झाले आणि कुटुंबावर कर्जाचा डोंगर उरला. आई ग्रेस यांनी टोप्यांचे दुकान चालवून संसार सावरला. सोळा वर्षांच्या हम्फ्री यांना १७९५ मध्ये बोर्लेस नावाच्या शल्यवैद्याकडे उमेदवारीस ठेवण्यात आले. तेथील औषधांच्या बाटल्या आणि भांडी हीच त्यांची पहिली प्रयोगशाळा ठरली. विद्यापीठाची पायरी त्यांनी विद्यार्थी म्हणून कधीच चढली नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हॉझिए यांचा ग्रंथ वाचून त्यांनी रसायनशास्त्र आत्मसात केले.

१७९८ मध्ये डॉ. थॉमस बेडोज यांनी त्यांना ब्रिस्टल येथील आपल्या वायुचिकित्सा संस्थेत नेमले. निरनिराळे वायू हुंगवून रोग बरे करता येतात का, याचा शोध तेथे घेतला जात होता. डेव्ही यांनी नायट्रस ऑक्साइड हा वायू स्वतःवर वारंवार आजमावला आणि १८०० मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. हा वायू वेदना शमवतो, तेव्हा शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग होऊ शकेल, अशी सूचनाही त्यांनी त्यात केली होती. पण त्या सूचनेकडे कोणी लक्ष दिले नाही. दंतवैद्यकात या वायूचा वापर सुरू होण्यास १८४४ साल उजाडावे लागले.

विजेच्या साह्याने मूलद्रव्यांचा शोध

१८०१ मध्ये डेव्ही लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाले आणि पुढच्याच वर्षी प्राध्यापक झाले. त्यांची प्रात्यक्षिकांसह दिली जाणारी व्याख्याने ऐकण्यासाठी लंडनमधील प्रतिष्ठितांची झुंबड उडत असे. मात्र त्यांचे खरे कार्य तळघरातील प्रयोगशाळेत चालले होते. इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १८०० मध्ये विद्युतघटाचा शोध जाहीर केला होता. दोन भिन्न धातू आणि त्यांच्यामध्ये खारट पाणी अथवा आम्ल, एवढ्या सामग्रीतून वीज निर्माण होते, हे त्यामुळे सिद्ध झाले होते. रासायनिक क्रिया आणि वीज यांचे नाते मुळापासूनचे आहे, हा विचार डेव्ही यांनी १८०६ च्या आपल्या गाजलेल्या व्याख्यानात मांडला. त्या वेळी ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात युद्ध पेटलेले होते. तरीही फ्रान्सच्या विद्वत्संस्थेने या कार्यासाठी डेव्ही यांना पारितोषिक दिले.

१८०७ मध्ये त्यांनी वितळलेल्या क्षारांमधून वीज सोडून पोटॅशियम आणि सोडियम ही मूलद्रव्ये वेगळी केली. १८०८ मध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, बेरियम आणि स्ट्रॉन्शियम यांची भर पडली. १८१० मध्ये क्लोरीन हे मूलद्रव्यच असल्याचे त्यांनी दाखवून दिले. १८१२ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला आणि त्यानंतर तीनच दिवसांनी जेन अॅप्रीस या श्रीमंत विधवेशी त्यांचा विवाह झाला.

त्याच वर्षी एका स्फोटक संयुगावर प्रयोग करताना डेव्ही यांच्या डोळ्याला इजा झाली. लेखनास मदत करण्यासाठी त्यांनी एका पुस्तकबांधणी कारागिराला तात्पुरते बोलावले. मायकेल फॅरडे हे त्याचे नाव. १८१३ मध्ये फॅरडे यांची रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यक म्हणून रीतसर नेमणूक झाली आणि विज्ञानाच्या इतिहासातील एका विलक्षण गुरुशिष्याच्या जोडीचा आरंभ झाला. पुढे याच संस्थेत फॅरडे यांनी जेम्स स्टॉडर्ट या शस्त्रकारासमवेत पोलादात निकेल आणि इतर धातू मिसळून पाहण्याचे प्रयोग केले. त्यांचा पहिला वृत्तांत १८२० मध्ये प्रसिद्ध झाला.

सुरक्षादीपाचे यश

१८१२ मध्ये उत्तर इंग्लंडमधील फेलिंग येथील कोळसा खाणीत स्फोट होऊन ९२ जण मृत्युमुखी पडले. खाणीतील ज्वालाग्राही वायू दिव्याच्या उघड्या ज्योतीने पेट घेत असे. १८१५ मध्ये डेव्ही यांनी ज्योतीभोवती धातूची बारीक जाळी बसवण्याची युक्ती शोधली. जाळी ज्योतीची उष्णता शोषून घेते, त्यामुळे ज्योत बाहेरच्या वायूपर्यंत पोहोचत नाही. या दिव्याचे एकस्व घेण्यास त्यांनी नकार दिला. जॉर्ज स्टीफन्सन यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे दिवा बनवला होता आणि श्रेयाचा वाद बराच काळ धुमसत राहिला. खाणमालकांनी कृतज्ञता म्हणून डेव्ही यांना चांदीच्या भांड्यांचा मौल्यवान संच भेट दिला. १८१८ मध्ये त्यांना बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला आणि १८२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. उमेदवारी करणारा पेन्झान्सचा पोरका मुलगा न्यूटन यांच्या आसनावर बसला होता.

जहाजाच्या तळाचे कोडे

याच पदावर असताना १८२३ मध्ये आरमाराच्या अधिकाऱ्यांनी रॉयल सोसायटीकडे एक प्रश्न सोपवला. लाकडी जहाजांच्या तळाला सागरी किडे पोखरतात, शेवाळ आणि कवचधारी जीव चिकटून वेग मंदावतो. यावर उपाय म्हणून तळाला तांब्याचे पत्रे ठोकण्याची रीत होती. परंतु समुद्राच्या पाण्यात ते पत्रे झपाट्याने झिजत आणि वारंवार बदलावे लागत. हा खर्च प्रचंड होता.

तांब्याच्या पत्र्यांचा आरमाराला आलेला पहिला अनुभवही बोलका होता. १७६१ मध्ये 'अलार्म' नावाच्या युद्धनौकेला प्रयोगादाखल असे पत्रे लावण्यात आले होते. वेस्ट इंडीजच्या सफरीनंतर ती परतली, तेव्हा तांबे बरे होते, पण ते ज्या लोखंडी खिळ्यांना टेकले होते, ते खिळे खाऊन गेलेले आढळले. जेथे खिळा आणि पत्रा यांच्यामध्ये कागद शिल्लक राहिला होता, तेथे लोखंड शाबूत होते. दोन धातू एकमेकांना टेकून खाऱ्या पाण्यात राहिले की त्यांतील एक झिजतो, हे दिसून आले होते. त्यामागचे कारण मात्र तेव्हा कोणालाच उमगले नव्हते, कारण व्होल्टा यांचा घट अजून जन्माला यायचा होता.

डेव्ही यांच्याजवळ ते कारण होते. तांबे अशुद्ध असल्यामुळे झिजते, असा सर्वसाधारण समज होता. शुद्ध तांबेही झिजते, आणि पाण्यात विरघळलेली हवा त्याला कारणीभूत असते, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवले. समुद्राच्या पाण्याशी तांब्याची होणारी क्रिया त्याच्या विद्युत स्थितीवर अवलंबून आहे, तेव्हा ती स्थिती किंचित बदलली तर क्रिया थांबली पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. त्यासाठी तांब्याला जस्त किंवा लोखंड यांसारखा अधिक सहज झिजणारा धातू जोडला की पुरे. तो धातू झिजेल आणि तांबे वाचेल. 'अलार्म'च्या खिळ्यांचे दुर्दैव डेव्ही यांनी अशा रीतीने संरक्षणाचे साधन बनवले.

२२ जानेवारी १८२४ रोजी त्यांनी आपला निबंध रॉयल सोसायटीपुढे वाचला. परिणाम थक्क करणारे होते. वाटाण्याएवढा जस्ताचा तुकडा किंवा लहानशा लोखंडी खिळ्याचे टोक चाळीस-पन्नास चौरस इंच तांब्याचे रक्षण करण्यास पुरेसे ठरले. त्यानंतर बंदरात मोठ्या पत्र्यांवर चाचण्या झाल्या. संरक्षक धातूचे क्षेत्रफळ तांब्याच्या एकचाळीसांश ते एकशेपन्नासांश असेल तर तांबे मुळीच झिजत नाही, असे आढळले. स्वस्त आणि टिकाऊ म्हणून जस्ताऐवजी बिडाच्या पट्ट्यांची निवड झाली.

कोचीन येथे सागवानी लाकडात बांधलेली 'समरांग' ही २८ तोफांची युद्धनौका त्यानंतर बिडाच्या पट्ट्या लावून उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरील नोव्हा स्कोशियाकडे रवाना झाली. १८२५ च्या जानेवारीत ती परतली तेव्हा तांबे उत्तम स्थितीत होते. आरमाराने तोवर अनेक जहाजांना अशा पट्ट्या बसवल्याही होत्या. सुरक्षादीपापाठोपाठ राष्ट्राला आणखी एक देणगी दिल्याचे समाधान डेव्ही यांना लाभले होते.

विजयातूनच पराभव

ते फार काळ टिकले नाही. एकेक जहाज गोदीत परतू लागले, तसे त्यांच्या तळाला शेवाळाचे आणि कवचधारी जीवांचे जाड थर दिसू लागले. तांबे तर वाचले होते, पण जहाजे जड झाली होती आणि त्यांचा वेग घटला होता. तांबे झिजताना त्यातून निघणारी विषारी संयुगे सागरी जीवांना तळापासून दूर ठेवीत होती. झिजणेच थांबले तेव्हा ते विषही थांबले. शिवाय संरक्षित पत्र्यावर चुना आणि मॅग्नेशिया यांचा पापुद्रा बसे आणि त्या जीवांना पाय रोवण्यास आयती जागा मिळे. जे थांबवायचे म्हणून एवढा खटाटोप केला, त्या झिजण्यातच तांब्याचे खरे काम दडलेले होते.

जुलै १८२५ मध्ये आरमाराने समुद्रावर जाणाऱ्या जहाजांच्या पट्ट्या काढून टाकण्याचा आदेश दिला. वृत्तपत्रांनी डेव्ही यांची खिल्ली उडवली. संरक्षक धातूचे प्रमाण कमी ठेवून तांबे थोडेसे झिजू द्यावे, असा मध्यममार्ग त्यांनी सुचवला होता. परंतु प्रत्येक जहाजावर, प्रत्येक समुद्रात तो तोल साधणे कठीण होते आणि अधिकाऱ्यांचा विश्वास उडाला होता. प्रयोगशाळेतील पात्रात खरे ठरलेले विज्ञान जिवंत समुद्रात अपुरे पडले. बंदरातील काही तुकड्यांवर थोडे महिने घेतलेल्या चाचण्यांच्या बळावर ताफाभर जहाजांना पट्ट्या लावण्याची घाई नडली, हेही नाकारता येत नाही.

डेव्ही यांच्या स्वभावात तोवर अढी आणि अहंता यांनी घर केले होते. १८२४ च्या आरंभी फॅरडे यांची रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवड झाली, तेव्हा गुरूंनीच तिला विरोध केला होता. जहाजांच्या अपयशाने त्यांचा मनस्ताप वाढला. १८२६ च्या अखेरीस त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १८२७ मध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडले. उरलेला काळ त्यांनी युरोपात प्रवास, मासेमारी आणि लेखन यांत घालवला. २९ मे १८२९ रोजी जिनिव्हा येथे वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि तेथेच त्यांचे दफन करण्यात आले.

तेच सूत्र, वेगळी रणभूमी

मात्र त्यांचे सूत्र मरण पावले नाही. १८३४ मध्ये फॅरडे यांनी विजेचे प्रमाण आणि विलग होणाऱ्या धातूचे वजन यांचे नियम जाहीर केले. मुलाम्याची जाडी मोजूनमापून ठरवण्याचे शास्त्र त्यावरच उभे आहे. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये सोरेल यांनी लोखंडावर जस्ताचा थर देण्याचे एकस्व घेतले. पुढे लोखंडी जहाजे आली, तेव्हा त्यांच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावण्याची रीत पडली. १९२८ पासून अमेरिकेत रॉबर्ट कून यांनी जमिनीखालील वायुवाहिन्यांना याच तत्त्वाने संरक्षण दिले.

निकेलचा मुलामा व्यापारी प्रमाणावर देण्याची वाट बोस्टनच्या आयझॅक अॅडम्स यांनी १८६९ मध्ये एकस्व घेऊन मोकळी केली. १९१६ मध्ये अमेरिकेतील ऑलिव्हर वॉट्स यांनी निकेल सल्फेट, निकेल क्लोराइड आणि बोरिक आम्ल यांच्या मिश्रणाची कृती प्रसिद्ध केली. मुलाम्याच्या कारखान्यांतील टाक्यांमध्ये तिच्याच सुधारित आवृत्त्या वापरल्या जातात. परंतु निकेलची एक मूळ अडचण कायम होती. जस्त लोखंडाआधी झिजून त्याला वाचवते, निकेलचे वर्तन नेमके उलट आहे. निकेल लोखंडापेक्षा कमी झिजणारा धातू आहे. त्यामुळे मुलाम्याला छिद्र पडले की मोठ्या निकेल-पृष्ठभागाचा सारा भार त्या छिद्रातील इवल्याशा लोखंडावर येतो आणि ते खोलवर पोखरले जाते. 'अलार्म'च्या खिळ्यांचीच ही पुनरावृत्ती होय.

यावर पहिला उपाय म्हणजे धातू तेल, मळ आणि गंज यांपासून पूर्णपणे स्वच्छ करणे आणि निकेलचा थर पुरेसा जाड देणे, म्हणजे आरपार छिद्रेच राहणार नाहीत. दुसरा उपाय विसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झाला, आणि तो डेव्ही यांच्या विचाराचा थेट वारसदार आहे. यात निकेलचे दोन थर देतात. खालचा थर अर्धचकाकीचा आणि जवळजवळ गंधकविरहित असतो. वरचा थर चकचकीत असतो आणि चकाकी आणणाऱ्या द्रव्यांमुळे त्यात थोडे गंधक उतरते. गंधकयुक्त निकेल अधिक सहज झिजते. दोन थरांच्या विद्युत स्थितीत साधारण एकदशांश व्होल्ट किंवा त्याहून थोडा अधिक फरक राखला जातो. गंज वरच्या थरातून खाली उतरू लागला की खालच्या थराशी येऊन अडतो आणि आडवा पसरतो. वरचा थर झिजत राहतो, पण पोलादापर्यंतची वाट बराच काळ बंद राहते.

त्यावर क्रोमियमचा अतिशय पातळ थर देतात. तो निकेलपेक्षा कमी झिजतो, म्हणून त्यातील एखाद्याच छिद्रापाशी निकेल जोराने खाल्ले जाण्याचा धोका असतो. यावरची युक्ती विस्मयकारक आहे. क्रोमियमच्या थरात मुद्दामच असंख्य सूक्ष्म छिद्रे निर्माण केली जातात. दर चौरस सेंटिमीटरला किमान १०,००० छिद्रे असावीत, असा दंडक आहे. झीज इतक्या ठिकाणी विभागली जाते की कोणत्याही एका ठिकाणी ती खोल उतरत नाही. वाहनांच्या बाहेरील भागांसाठी हीच रचना वापरली जाते आणि मिठाच्या फवाऱ्याच्या कठोर चाचण्यांनी ती पारखली जाते.

या सर्व योजनेत गंज पूर्ण थांबवण्याचा आग्रह कोठेच नाही. झिजणार कोण, किती आणि कोणत्या दिशेने, एवढेच ठरवले जाते. तांब्याला थोडेसे झिजू द्यावे, हा डेव्ही यांचा मध्यममार्ग आरमाराने नाकारला होता. मोजमापाची अचूक साधने हाती आल्यावर कारखान्यांना तसाच तोल निकेलच्या काही सहस्रांश मिलिमीटर जाडीच्या थरांत साधता आला.

खाणमालकांनी दिलेल्या त्या चांदीच्या संचाचे पुढे काय झाले, हेही जाणून घेण्यासारखे आहे. डेव्ही यांचे बंधू डॉ. जॉन यांच्या इच्छेनुसार तो रॉयल सोसायटीला मिळाला. तो वितळवून, विकून आलेल्या रकमेतून रसायनशास्त्रातील श्रेष्ठ संशोधनासाठी डेव्ही पदक सुरू करण्यात आले. १८७७ मध्ये पहिले पदक जर्मनीच्या बुन्सेन आणि किर्खहॉफ यांना देण्यात आले, आणि तेव्हापासून हे पदक डेव्ही यांच्या नावाने दिले जात आहे.